राष्ट्रध्वजावरील चक्र आणि बाबासाहेब



पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला आणि आपल्या मराठवाड्यात सतरा सप्टेंबरलाही तुमचा मुलगा धुतलेला गणवेश घालून झेंडावंदनाला जातो. शाळा हिंगोलीची असो, कळमनुरीची असो, नाहीतर वसमत, सेनगाव, औंढ्याकडच्या एखाद्या वाडीवरची असो, झेंडा तोच. एक दिवस हा मुलगा घरी येऊन तुम्हाला विचारणार आहे की झेंड्यावरचे निळे चाक आणि आपल्या विहारातले चाक सारखे कसे? शाळेत ते आपल्याकडून नेले, की आपण ते शाळेकडून आणले?

तुम्ही धम्माची दीक्षा घेऊन थोडेच दिवस झाले आहेत. घरातले देवांचे टाक काढले, भिंतीवर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर लागली, त्रिशरण-पंचशील तोंडपाठ होत आले. पण मुलाच्या या प्रश्नाला उत्तर देताना तुम्ही अडखळाल. म्हणून हा लेख लिहिला आहे. झेंड्याची हकीकत नुसत्या तारखांनी कळत नाही. ती परमपूज्य बाबासाहेबांच्या आयुष्याला धरून सांगितली तर कळते, कारण या देशातले बहुतेक झेंडे त्यांनी पाहिले आणि प्रत्येक झेंड्याखाली आपल्या माणसाला काय मिळते हे अंगावर घेऊन पाहिले.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. आजोबा मालोजी हेही फौजेतलेच. म्हणजे हे घर युनियन जॅकखाली चाकरी केलेले घर. छावणी म्हणजे काय हे हिंगोलीकरांना वेगळे सांगायला नको. निजामाच्या पैशावर आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिन्जंट फौजेची छावणी एके काळी तुमच्याच गावाला होती. छावणीत कवायत सर्वांना सारखी असते, बंदूक सर्वांच्या खांद्याला सारखीच रुतते. पण ज्या महार पलटणींनी कंपनी सरकारचे राज्य उभे करायला हात लावला, त्या महारांची भरती इंग्रज सरकारने बाबासाहेब लहान असतानाच बंद केली. झेंडा मोठा होता, पण त्याची आठवण फार तोकडी निघाली.

वडील निवृत्त झाल्यावर कुटुंब दापोलीवरून साताऱ्याला आले. तिथल्या शाळेत हा सुभेदाराचा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा. शिपाई नसला तर पाणी नाही. हे इंग्रज सरकारच्या राज्यात चालत होते आणि सरकारला त्यात काही वावगे दिसत नव्हते.

पुढचे शिक्षण तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. मुंबईचे एल्फिन्स्टन हायस्कूल आणि कॉलेज, १९१२ साली बी. ए., बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती आणि १९१३ साली न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ. अमेरिकेच्या झेंड्याखाली त्यांना प्रथमच असे दिवस मिळाले की ज्यांत जेवायला कुठे बसावे आणि पाणी कुठे प्यावे हा विचार करावा लागला नाही. तिथून लंडन. तिथे अभ्यास अर्धा टाकावा लागला, आणि १९१७ साली करारानुसार ते नोकरीसाठी बडोद्याला आले.

बडोद्याला गायकवाडांचे निशाण होते. राजा उदार होता, शिष्यवृत्ती त्यानेच दिली होती. पण राजाचा उदारपणा स्टेशनबाहेरच्या गल्लीपर्यंत पोहोचत नाही. कोणी जागा देईना म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. जात कळताच काठ्या घेतलेली माणसे दारात आली आणि त्यांना तिथून निघावे लागले. दोन खंडांत शिकून आलेला हा माणूस कमाठी बागेत झाडाखाली बसला. त्या बसण्याची आठवण बाबासाहेबांना जन्मभर राहिली.

आता तिसरे ठिकाण नीट ऐका, कारण ते आपल्या मुलखातले आहे.

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात आणि परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात. या संस्थानाचा झेंडा पिवळा, मध्ये पांढरे वर्तुळ. त्याला आसफजाही झेंडा म्हणत. १९३४ साली बाबासाहेब तीसेक कार्यकर्त्यांसह याच संस्थानात वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. रस्त्याच्या धुळीने तोंडे माखली होती. किल्ल्याच्या दरवाजापाशी दगडी फरसबंदीचा एक हौद पाण्याने भरलेला दिसला. मंडळींनी हातपाय, तोंड धुतले आणि परवानगीसाठी दरवाजाकडे गेली. दिवस रमजानचे होते. मागून एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा ओरडत आला की धेडांनी हौद बाटवला. बघता बघता जमाव जमला, शिव्या सुरू झाल्या. जवळपासच्या गावातले आपले लोक तिथे होते, त्यांनाही शिव्या बसल्या.

बाबासाहेब शेवटी चिडले. त्यांनी त्या जमावाला सरळ विचारले की हेच तुमच्या धर्मात सांगितले आहे काय, आणि उद्या यातला कोणी मुसलमान झाला तर त्यालाही तुम्ही पाणी नाकाराल काय? जमाव गप्प झाला. मग किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती या अटीवर की आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. लक्ष ठेवायला बरोबर एक हत्यारबंद शिपाई दिला.

साताऱ्याला इंग्रजांचे राज्य, बडोद्याला हिंदू राजाचे, दौलताबादला मुसलमान राजाचे. तीन ठिकाणी तीन निशाणे आणि तहान एकच. म्हणून बाबासाहेबांना केवळ झेंडा बदलण्याचे अप्रूप कधीच वाटले नाही. काही लोक त्यावरून त्यांना देशद्रोही म्हणत. म्हणणाऱ्यांपैकी कोणी गोणपाटावर बसलेला नव्हता.

इकडे काँग्रेसचा झेंडाही आकाराला येत होता. तोही एका दिवसात झालेला नाही. १९०६ साली कलकत्त्यात एक तीनपट्टी झेंडा फडकला. १९०७ साली मुंबईच्या मादाम भिकाजी कामा यांनी जर्मनीत स्टुटगार्ट येथे एक फडकावला. १९१७ च्या सुमारास होमरूलवाल्यांचा वेगळाच होता. १९२१ साली बेझवाड्याला पिंगली वेंकय्या या आंध्रच्या गृहस्थांनी लाल-हिरवा झेंडा गांधीजींपुढे ठेवला आणि गांधीजींनी त्यात पांढरी पट्टी व चरखा घालायला सांगितले. १९२३ साली नागपूरला याच झेंड्यासाठी सत्याग्रह झाला, शेकडो माणसे तुरुंगात गेली. नंतर रंगांवरून तक्रारी निघाल्या, कारण लोक एकेक रंग एकेका धर्माचा समजू लागले. समिती नेमली. तिने सगळा केशरी झेंडा सुचवला, तो मानला गेला नाही. अखेर ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईला अखिल भारतीय काँग्रेस समितीने केशरी, पांढरा, हिरवा आणि मध्ये चरखा असा झेंडा ठरवला आणि रंगांना कोणत्याही जमातीचा अर्थ नाही असे जाहीर केले.

त्याच मुंबईत, त्याच महिन्यात, १४ ऑगस्ट १९३१ रोजी बाबासाहेब मणिभवनात गांधीजींना भेटायला गेले. गोलमेज परिषदेचे दुसरे अधिवेशन जवळ आले होते. बोलणे गोड झाले नाही. अस्पृश्यांसाठी काँग्रेसने केलेला खर्च, केलेले काम यांचा हिशेब निघाला. बाबासाहेबांनी गांधीजींना तोंडावर सांगितले की मला मायभूमी नाही. ज्या देशात कुत्र्या-मांजरापेक्षा वाईट वागणूक मिळते, पाणी मिळत नाही, तो देश आणि तो धर्म आपला म्हणायला स्वाभिमानी अस्पृश्य तयार होणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा भाव होता. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १५ ऑगस्टला, ते बोटीने लंडनला निघाले.

ही तारीख लक्षात ठेवा. बरोबर सोळा वर्षांनी तीच तारीख देशाच्या स्वातंत्र्याची झाली.

त्या सोळा वर्षांत काय झाले ते तुम्ही जयंतीच्या व्याख्यानांतून ऐकले आहे. महाडचे चवदार तळे (१९२७) आणि नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह (१९३०) आधीच झाले होते. पुढे २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार झाला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा झाली. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष निघाला, १९४२ साली नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले आणि आपला निळा झेंडा वस्तीवस्तीत गेला. त्याच वर्षी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले.

१९४६ साली घटना समितीच्या निवडणुका झाल्या. मुंबईतून बाबासाहेबांना निवडून येऊ दिले गेले नाही. बंगालमधल्या जोगेंद्रनाथ मंडल यांच्या आणि तिथल्या आपल्या लोकांच्या बळावर ते बंगालमधून निवडून आले. पण २० जून १९४७ रोजी बंगालच्या फाळणीचा निर्णय झाला आणि त्यांची जागाच पायाखालून जाणार अशी वेळ आली. अशा वेळी, तीनच दिवसांनी, २३ जूनला घटना समितीने राष्ट्रध्वज ठरवण्यासाठी एक समिती नेमली. अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद. सभासदांमध्ये मौलाना आझाद, सरोजिनी नायडू, राजगोपालाचारी, कन्हैयालाल मुन्शी होते. आणि बाबासाहेब होते. जुलैमध्ये त्यांना मुंबईतून पुन्हा निवडून आणण्यात आले. एक वर्षापूर्वी दारे बंद करणाऱ्यांनीच ती उघडली. त्यांच्याशिवाय घटनेचे काम नीट व्हायचे नाही हे त्यांना एवढ्यात कळून चुकले होते.

सोळा वर्षांपूर्वी मला मायभूमी नाही असे म्हणालेला माणूस त्या भूमीच्या निशाणाचा विचार करायला बसला. त्याने आपले आधीचे बोलणे मागे घेतले होते असे समजू नका. तो बसला तो अटी घालायला.

त्या दिवसांतली एक गोष्ट चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवली आहे. भगवा झेंडा राष्ट्रध्वज व्हावा असे म्हणणारी हिंदू महासभेची काही मंडळी बाबासाहेबांना मुंबईच्या विमानतळावर भेटली. बाहेरून तशी जोराची मागणी आली तर आपण समितीत विषय मांडू, असे बाबासाहेब म्हणाले. आणि हसून त्यांनी विचारले की घटना समितीवर भगवा एका महाराच्या पोराने चढवावा अशी तुमची इच्छा आहे काय? ती मागणी काही आली नाही. या गोष्टीवरून आज कोणी कोणी बाबासाहेबांना भगव्याचे पुरस्कर्ते ठरवतात. त्यांनी तो हसून विचारलेला प्रश्न पुन्हा एकदा वाचावा.

समितीने १४ जुलैला निर्णय दिला. काँग्रेसचा झेंडा घ्यावा, पण तो सर्व पक्षांना आणि जमातींना मान्य होईल असा बदलून घ्यावा आणि त्यात जातीयतेची छटा नसावी, असे ठरले. मग चरख्याचे काय? चरखा हे एका पक्षाचे चिन्ह होते. शिवाय एक साधी अडचण होती. पूर्ण चरख्याला एका बाजूला चाक आणि दुसऱ्या बाजूला चाती असते. झेंडा एका बाजूने पाहिला तर एक दिसते आणि दुसऱ्या बाजूने पाहिला तर उलटे. झेंडा दोन्हीकडून सारखा दिसला पाहिजे. चरख्यातले नुसते चाक ठेवले की अडचण सुटते. आणि चाकच ठेवायचे तर या देशाला सर्वांत जुने, सर्वांत देखणे चाक माहीत होते. ते सारनाथच्या सिंहस्तंभावरचे सम्राट अशोकाचे.

२२ जुलै १९४७ रोजी पंडित नेहरूंनी घटना समितीत ठराव मांडला. केशरी, पांढरा आणि हिरवा अशा समान पट्ट्या, पांढऱ्या पट्टीवर चरख्याचे निदर्शक म्हणून घननीळ रंगाचे चक्र, चक्राचा आकार सारनाथच्या स्तंभशीर्षावरच्या चक्राचा, झेंड्याची रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण दोनास तीन. म्हणजे ठरावात चरख्याचे नाव राहिले आणि रूप अशोकाचे आले. सभागृहात कामत नावाच्या सभासदांनी चक्रात स्वस्तिक काढावे अशी सूचना आणली होती, ती त्यांनी स्वतःच मागे घेतली. सर्वांनी उभे राहून ठराव मंजूर केला. चरखा गेला याचे गांधीजींना वाईट वाटले होते, हेही सांगितले पाहिजे.

आता एक गोष्ट मोकळेपणाने बोलतो. आपल्या वस्त्यांतून असे सांगितले जाते की चक्र एकट्या बाबासाहेबांनी झेंड्यावर बसवले. समितीचे काम एकट्याचे नसते. नेहरूंना अशोकाची ओढ होती. दिल्लीतले अधिकारी बद्रुद्दिन तय्यबजी आणि त्यांच्या पत्नी सुरैया यांचाही या कामात हात होता. पण समितीत बसलेल्या मंडळींपैकी धम्मचक्र म्हणजे काय हे ज्याने ग्रंथांतून वर्षानुवर्षे अभ्यासले होते आणि ज्याला ते आपल्या लोकांच्या आयुष्यात आणायचे होते असे नाव बाबासाहेबांचेच होते. पुढे बौद्धांच्या सभांतून बोलताना आपल्या हातून झालेल्या कामांत त्यांनी अशोकचक्राच्या स्वीकाराचा उल्लेख केला आहे. आपल्याला एवढे पुरे आहे. मुलाला सांगताना खरे तेवढेच सांगा. ते कमी नाही.

आणि मुलाला अशोकाबद्दलही दोन शब्द सांगा. कलिंगच्या लढाईतला संहार पाहून ज्याने विजयाचा मार्ग बदलला, रस्त्याने विहिरी खोदल्या, माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केली, तो हा राजा. विहिरी सर्वांसाठी होत्या. दौलताबादच्या हौदाची गोष्ट सांगून झाल्यावर लगेच ही सांगा, फरक मुलाला आपोआप कळेल. महावंस या ग्रंथात लिहिले आहे की अशोकाच्या काळात महाधम्मरक्खित नावाचे थेर महारठ्ठ देशात धम्म सांगायला आले. म्हणजे आपल्याकडे धम्म १९५६ साली पहिल्यांदा आला असे नाही. आणखी एक नवलाची गोष्ट अशी की, बरीच वर्षे लेखांतल्या राजाचे नाव देवानंपिय एवढेच मिळत होते. तो राजा अशोकच, हे पक्के करणारा नावानिशी लेख १९१५ साली मस्की येथे सापडला. मस्की तेव्हा निजामाच्या राज्यात होते, जसे आपले हिंगोली होते. पिवळ्या झेंड्याच्या मुलखातल्या खडकावर चक्रवाल्या राजाचे नाव दोन हजार वर्षे झाकून पडले होते.

१५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीवर तिरंगा चढला आणि बाबासाहेब देशाचे कायदामंत्री झाले. पण तुमच्या आजोबांना तो दिवस मिळाला नाही. हैदराबाद संस्थानात तिरंगा लावणे गुन्हा होता. स्वामी रामानंद तीर्थांनी त्याच दिवशी हैदराबादेत झेंडा फडकावला आणि त्यांना अटक झाली. पुढचे वर्ष रझाकारांचे. त्या वर्षाच्या आठवणी तुमच्या घरात कोणी म्हातारे माणूस असेल तर त्याच्याकडून ऐका. वसमतच्या कॉलेजला ज्या हुतात्मा बहिर्जींचे नाव आहे ते याच लढ्यातले.

या काळात आपल्या समाजापुढे मोठा पेच होता. निजामाकडून आमिषे होती, धर्म बदलण्यासाठी दडपण होते, आपल्यातलेच काही पुढारी निजामाच्या बाजूला गेले होते. सवर्णांचा जाच सोसलेल्या माणसाला वाटणारच की आपल्याला दोन्ही सारखेच. नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी पत्रक काढून हैदराबादमधल्या आणि पाकिस्तानातल्या अस्पृश्यांना बजावले की भीतीने किंवा सवलतीच्या आशेने धर्म बदलू नका आणि निजामाची बाजू घेऊन आपल्या समाजाच्या नावाला काळिमा लावू नका. दौलताबादला त्या हौदाशी उभा राहिलेला माणूस हे सांगत होता, म्हणून ते लोकांनी ऐकले.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. हिंगोलीला तिरंगा पोहोचला तो दिल्लीनंतर तेरा महिन्यांनी. सतरा सप्टेंबरला आपण झेंडा लावतो तो त्यासाठी.

झेंडा आला, पण पाणी आले का? बाबासाहेबांना हा प्रश्न माहीत होता. म्हणूनच ते मसुदा समितीचे अध्यक्ष या नात्याने घटनेच्या कामाला चिकटून राहिले. २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना मंजूर झाली. तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि ती पाळणे गुन्हा ठरवला. युनियन जॅकने हे केले नव्हते, गायकवाडांच्या निशाणाने केले नव्हते, पिवळ्या झेंड्याने केले नव्हते. २६ जानेवारी १९५० ला घटना लागू झाली आणि त्याच दिवशी सारनाथचे सिंह देशाची राजमुद्रा झाले. तुमच्या खिशातल्या नाण्यावर तेच सिंह आहेत. कलमाने गावची विहीर लगेच मोकळी झाली नाही, हे तुम्ही जाणता. पण अडवणारा आता गुन्हेगार झाला आणि अडवला जाणारा फिर्यादी.

मराठवाड्यासाठी बाबासाहेबांनी आणखी एक काम केले. १९५० साली त्यांनी औरंगाबादला कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. १ सप्टेंबर १९५१ रोजी त्याच्या इमारतीची कोनशिला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी बसवली. ध्वज समितीचा अध्यक्ष आणि ध्वज समितीचा सभासद दौलताबादपासून काही मैलांवर असे पुन्हा एकत्र आले. आपल्या भागातली किती मुले तिथे शिकून मास्तर झाली, वकील झाली! त्याच महिन्याच्या शेवटी हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

१४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. ज्या चक्राला त्यांनी देशाच्या झेंड्यावर पाहिले होते, त्या चक्राचा अर्थ त्यांनी आपल्या लोकांच्या हाती दिला. सारनाथला तथागतांनी पाच भिक्खूंना पहिला उपदेश केला, त्याला धम्मचक्रप्रवर्तन म्हणतात. चाक हे त्या उपदेशाचे चिन्ह आहे. चोवीस आऱ्यांचे अर्थ निरनिराळे लोक निरनिराळे सांगतात. आपल्यात बारा निदानांची साखळी उलट-सुलट मोजून चोवीस सांगण्याची पद्धत आहे. ती लक्षात ठेवायला चांगली आहे, पण ठरावात तसे लिहिलेले नाही.

तुमच्या वस्तीत आता तीन झेंडे लागतात, म्हणून थोडे व्यवहाराचे. पंचरंगी झेंडा जगातल्या बौद्धांचा. निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि मांजिष्ठ या पाच रंगांचा हा झेंडा १८८५ साली सिलोनात कोलंबोला तयार झाला. बाबासाहेब १९५० साली बौद्ध परिषदेसाठी त्या देशात गेले होते. निळा झेंडा आपल्या चळवळीचा. आणि तिरंगा सर्व देशाचा, म्हणजे आपलाही. २६ जानेवारी २००२ पासून नागरिकाला आपल्या घरावर कोणत्याही दिवशी तिरंगा लावता येतो. पण केशरी पट्टी वर असली पाहिजे, फाटका-मळका झेंडा लावू नये, तिरंग्यावर काहीही लिहू नये, अगदी जयभीमसुद्धा नाही. त्याच्याहून उंच किंवा त्याच्या बरोबरीने दुसरा झेंडा लावू नये, आणि एका काठीला दोन झेंडे तर बांधूच नयेत. जयंतीच्या उत्साहात पोरे हे विसरतात, तेव्हा मोठ्यांनी पाहावे.

दीक्षेनंतर महिन्याभराने बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. प्रकृती फार खालावली होती, पायऱ्या चढवत नव्हत्या, तरी परतताना ते काशीला उतरले, सारनाथला गेले, कुशीनगरला गेले आणि ३० नोव्हेंबरला दिल्लीला परतले. ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. मराठवाडा त्याच्या महिनाभर आधी हैदराबाद सोडून मुंबई राज्यात आला होता.

झेंड्यावरच्या चक्राचे मूळ चक्र ज्या दगडावर कोरले आहे तो दगड आजही सारनाथच्या संग्रहालयात आहे. १९०४-०५ च्या उत्खननात तो सापडला. चार सिंहांच्या पायाखाली गोल पट्टा आहे, त्यावर हत्ती, बैल, घोडा, सिंह आणि त्यांच्यामध्ये चार चाके आहेत. काशीहून सारनाथ दहा किलोमीटरच्या आसपास आहे. घरातले कोणी तीर्थाच्या निमित्ताने तिकडे निघाले तर त्या मुलाला बरोबर न्या आणि एका चाकाचे आरे त्यालाच मोजायला सांगा.